उभ्या गाडीचा हप्ता

गाडी घेताना माणूस पैसे मोजतो, पेढीवरून उठतो आणि त्याला वाटतं की झालं, सुटलो. आपल्यापैकी ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांना पुढचं काही सांगायला नको. पेट्रोल आहे, टायर आहेत, काहीतरी खडखडतं म्हणून गॅरेजच्या चकरा आहेत, आणि वर्षातून एकदा, अगदी नेमक्या नको त्या महिन्यात, विम्याचा कागद येतो.

तसा तो दातकरांच्या घरी आला होता. सकाळच्या चहाच्या कपांमध्ये पडला होता आणि दातकर त्याच्याकडे, न बोलावलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत होते.

दातकर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते कवळ्या बनवतात. दवाखान्यांतून तोंडाचे साचे येतात, त्यावर हे मेणात एकेक दात बसवतात, आणि निम्म्या शहराच्या हसण्यामागे यांचा हात आहे, असं स्वतःच सांगतात. लोकांनी नाव पाडलं दातकर, तेच चिकटलं.

"अहो, हा आकडा बरोबर आहे का?" बायकोने चष्मा वर सरकवला. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. "गेल्या वर्षीपेक्षा इतका जास्त? गाडी तर एक वर्षाने म्हातारी झाली."

"सगळ्यांचाच वाढलाय."

"सगळ्यांचं राहू द्या. आपली गाडी महिन्यातून किती वेळा बाहेर पडते?"

दातकरांनी बिस्कीट चहात बुडवलं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. महिन्यातून चार वेळा. दर रविवारी. आणि तीही कुठे जायचं असतं म्हणून नव्हे. दातकर दुकानात पायी जात, बायको बसने जाई, लेक कॉलेजला मैत्रिणीच्या स्कूटरवरून. गाडी आपली भिंतीला टेकून उभी. उभी राहून तिची बॅटरी उतरते, म्हणून दर रविवारी दातकर तिला तळ्यापर्यंत फिरवून आणत. घरात या फेरीला 'बॅटरी फेरी' म्हणत. लेक तर म्हणायची, "बाबा, लोक कुत्रा फिरवतात, तुम्ही गाडी फिरवता."

"विकून टाका," बायको म्हणाली. "अडीनडीला टॅक्सी करू. मागच्या सीटवर ऐसपैस बसू."

"गाडी विकायची नाही!"

कप बशीवर इतका जोरात आपटला की बायकोने विम्याचा कागद उचलून बाजूला ठेवला. या एका विषयावर तिचा साधा सरळ नवरा असा का फणकारतो, हे तिला गाडी आल्यापासून कधी कळलं नव्हतं. आणि दातकरांनी कधी सांगितलं नव्हतं.

दातकर आठ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांकडे गाडी होती. वडील दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत. प्रमाणित वजनांची जड लाकडी पेटी घेऊन गावोगाव जावं लागे, म्हणून त्यांनी कुणाकडून तरी चौथ्या हाताची एक जुनी गाडी घेतली होती. राखाडी रंगाची. मागच्या सीटवर वजनांची पेटी आणि पेटीवर हा पोरगा! गाडीत पितळ घासायच्या पॉलिशचा वास असे. काच खाली करायला एक दांडी गोल फिरवावी लागे आणि ती मधेच हातात निघून येई. थंडीत गाडी सुरू होत नसे. मग वडील हाक मारत, समोरचा शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून धावत येई, वरच्या मजल्यावरचे गणिताचे सर येत, आणि सगळी गल्ली मिळून गाडी ढकले. गाडीने एकदाची धडधड सुरू केली की सगळे टाळ्या वाजवत. काय दिवस होते ते! कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला स्टेशनावर सोडायचं, गाडी एक आणि माणसं गल्लीभर. आपण गल्लीतले सगळ्यात श्रीमंत लोक आहोत, अशी त्या पोराची पक्की समजूत होती.

आणि एका दिवशी तो शाळेतून आला तर दारात गाडी नव्हती. "विकली," वडील एवढंच म्हणाले. का, ते सांगितलं नाही. पोरगा दोन दिवस जेवला नाही. पुढे कित्येक वर्षं त्याने वडिलांना ती वजनांची पेटी खांद्यावर मारून बसस्टॉपकडे जाताना पाहिलं. उजवा खांदा कायमचा कलला त्यांचा. पण पोराच्या मनात एकच अढी राहिली की बाबा चिकट होते, पैशापायी गाडी विकली. आपली गाडी आली की आपण ती मरेस्तोवर विकायची नाही, असं त्याने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी गाडी आली. आणि आता हा कागद.

त्या महिन्यात लेकीच्या कॉलेजची फी होती. दुकानातली दात घासूनपुसून चकचकीत करायची मोटर जळली होती. दातकरांनी तीनदा कागद उलगडला, तीनदा घडी घातली. त्यांचा जुना वर्गमित्र विमा एजंट होता. शाळेपासून त्याचं तोंड बंद म्हणून नसे, सगळे त्याला रेडिओ म्हणत. रेडिओचे तीन फोन येऊन गेले. "अरे मंगळवारी संपतोय विमा. भरून टाक बाबा."

"भरतो रे. गाडी उभीच तर असते. उभ्या गाडीला काय होतंय? पुढच्या महिन्यात एकदम भरतो."

मंगळवार आला आणि गेला. बायकोने विचारलं, "भरला का हप्ता?"

"भरला," दातकर म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

रविवारी ऊन छान पडलं होतं. बॅटरी फेरीला दातकर नेहमी आत्याला बरोबर घेत. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, आता पंच्याऐंशीच्या घरात. जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून बत्तीस वर्षं लोकांचे आवाज जोडत बसली होती, त्यामुळे माणूस काय बोलतो यापेक्षा कसा बोलतो ते तिला आधी ऐकू येई. पन्नाशीच्या भाच्याला ती अजून चिमण्या म्हणायची.

परत येताना तिच्यासाठी मऊ पाव घ्यायला दातकरांनी बेकरीसमोर गाडी थांबवली. पाव घेतला, गाडीत बसले, गाडी मागे घ्यायला लागले. आणि बोलत होते, त्या जुन्या राखाडी गाडीबद्दलच! "आत्या, ती काचेची दांडी आठवते का गं? बाबा ती खिशात घालून फिरायचे..." आत्या हसली, दातकर हसत तिच्याकडे वळले, पाय अजून तसाच ॲक्सिलरेटरवर.

धप्प असा आवाज झाला. मोठा नव्हता. पाठोपाठ एक किंकाळी.

बेकरीच्या मागच्या दारातून निघून एक बाई गाडीच्या मागून घरी चालल्या होत्या. पहाटे चारपासून पीठ मळणाऱ्या बाई, कामाची पाळी संपवून निघालेल्या. त्या उजव्या हातावर पडल्या होत्या आणि हात भलत्याच जागी वाकला होता. दातकरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण एवढं खरं की ते पळाले नाहीत. बाईंना त्याच गाडीत घालून त्यांनी दवाखाना गाठला. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. सळई घालावी लागेल, दोन-तीन महिने तरी या हाताने काम नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाई रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मग मळणार कोण?"

दवाखान्यातून पोलिसांना कळलं. बुधवारी तुम्ही आणि बाई, दोघांनी येऊन जबाब द्या, बरोबर गाडीतल्या आजींनाही आणा, असा निरोप आला. गाडीचे कागदही आणायला सांगितले होते. तेव्हा कुठे दातकरांना तो न भरलेला हप्ता आठवला.

सोमवारी दातकरांनी फोन केला तसा रेडिओ दुकानात आला. दातकर मेणात दात बसवत होते.

"मी सांगत होतो ना? पाच दिवस, अरे फक्त पाच दिवस झाले होते संपून! विमा असता तर बाईंचं सगळं कंपनीने दिलं असतं. उपचार, बुडालेली मजुरी, सगळं. आता तुझ्या बोकांडी."

"काही मार्ग?"

रेडिओने पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "चूक तुझी ठरली तर तू बुडालास. तेव्हा सांगायचं की चूक तुझी नव्हती. गाडी उभी होती. बाई घाईत होत्या, पाळी करून थकलेल्या, पाय घसरून स्वतःच गाडीवर आदळल्या. विमा नव्हता म्हणून थोडा दंड होईल, तो भर आणि मोकळा हो. आत्या आहेत ना साक्षीला? त्यांचं वय बघून कोण त्यांना खोटं म्हणणार?"

"पण बाई?"

"तू दवाखान्यात नेलंस ना? सुरुवातीचं बिल दिलंस ना? याहून जास्त कोण करतं! सगळे असंच करतात, मित्रा."

सगळे असंच करतात! वाचकहो, या तीन शब्दांवर किती गोष्टी आपण आजवर रेटून नेल्या असतील, त्याचा विचार एकदा ज्याने त्याने करावा. दातकरांनीही त्याच शब्दांवर रेटायचं ठरवलं. संध्याकाळी आत्याकडे गेले.

आत्या खिडकीशी बसून त्याच पावाचे तुकडे दुधात बुडवून खात होती. दातकर समोर बसले. घसा खाकरला. "आत्या, बुधवारी तुला विचारतील. म्हणजे तसं काही नाही, पण मला आठवतंय त्याप्रमाणे गाडी उभीच होती..."

"थांब," आत्या म्हणाली. "बत्तीस वर्षं ऐकत आलेय मी. खोटं बोलायच्या आधी माणूस उगाच एक श्वास घेतो. तू आत्ता दोन घेतलेस."

दातकरांची मान खाली गेली. मग सगळंच बाहेर पडलं. विमा भरला नव्हता हे, बायकोला खोटं सांगितलं हे, रेडिओची युक्ती, सगळं.

"एवढे पैसे कुठून आणू गं? या विम्यावाल्यांनी हप्ता असा वाढवून ठेवलाय की सामान्य माणसाने करायचं काय?"

"हप्ता महाग आहे, खरं आहे. त्यासाठी भांड, अर्ज कर, चार लोक घेऊन त्यांच्या दारात बस, मीही येते काठी टेकत. पण भरायचा नाही आणि गाडी तरी काढायची, हे कुठलं? तू मेणातली कवळी आधी पेशंटच्या तोंडात बसवून बघितल्याशिवाय कधी पक्की केलीस?"

"छे! तोंड सोलून निघेल माणसाचं."

"अरे, म्हणजे परक्या माणसाच्या हिरडीची तुला एवढी काळजी! आणि रस्त्यावरच्या माणसाच्या हाडांची नाही? तो कागद काय तुझ्या पत्र्यासाठी होता? तो त्या बाईसाठी होता, चिमण्या. तिला ठाऊकही नव्हतं, पण तू तिच्या वाटणीचे पैसे वाचवलेस. आणि जायचं तरी कुठे होतं रे आपल्याला? कुठेही नाही! एका बॅटरीसाठी त्या बाईचा हात मोडला."

दातकरांना रडू कोसळलं. पन्नाशीचा माणूस, तोंडावर रुमाल धरून हुंदके देऊ लागला. "मी बाबांसारखा नाही गं वागणार असं ठरवलं होतं. त्यांनी चार पैशांसाठी गाडी विकली..."

आत्याने वाटी खाली ठेवली. 

"चार पैशांसाठी?" ती म्हणाली. "तुला असं वाटत होतं? इतकी वर्षं?"

"मग कशासाठी?"

"त्या साली नवे काटे आले, दादाचं काम निम्म्यावर आलं. विम्याची तारीख आली आणि त्याच्याकडे पैसे नव्हते. सगळ्यांनी सांगितलं, चालव की, कोण विचारतंय! मीही सांगितलं, खोटं कशाला बोलू. त्याने एक दिवस काढली गाडी. एकच दिवस. शाळेच्या वळणावर एक मुलगी चेंडूमागे धावत आली. दादाने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा तिच्यात आणि गाडीत एक वीत अंतर होतं. मुलगी चेंडू घेऊन पळाली, तिला कळलंही नाही. दादा घरी आला आणि तासभर दारात गाडीतच बसून राहिला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, 'ताई, तिला लागलं असतं तर मी तिच्या आईला काय दिलं असतं? ही वजनं?' दुसऱ्या दिवशी विकली."

"तो मला ताई म्हणायचा, मी धाकटी असून," आत्या डोळे पुसत म्हणाली. "मी विचारलं, पोराला का सांगत नाहीस? तर म्हणाला, त्याला रस्त्याची भीती बसेल. त्यापेक्षा मला चिकट म्हणू दे."

 दातकरांच्या डोळ्यांसमोर तो कललेला खांदा आला. ज्याला ते जन्मभर कंजूष समजले, तो माणूस रोज ते ओझं कोणासाठी वाहत होता? एका अनोळखी मुलीसाठी, जिला लागलंही नव्हतं! अरेरे, आणि आपण त्याच्याशी धड बोललोसुद्धा नाही कधी!

"त्याला एक वीत मिळाली," आत्या म्हणाली. "तुला नाही मिळाली. पण पुढे काय करायचं ते तुझ्याच हातात आहे. बुधवारी मी येईन. आणि जे झालं तेच सांगेन. तुझ्यावर जीव आहे म्हणूनच सांगेन."

त्याच संध्याकाळी दातकरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती चिडली, चांगली तासभर चिडली, आणि तिचं बरोबरच होतं. मग म्हणाली, "चला, मीही येते."

मंगळवारी दोघं बाईंच्या घरी गेले. एक खोली, पलीकडे छोटं स्वयंपाकघर, हात गळ्यात बांधलेला. बाईंचा दीर दारात हाताची घडी घालून उभा होता. दातकर बसले नाहीत.

"बाई, चूक माझी होती. मी मागे बघितलं नाही. माझ्या गाडीचा विमाही नव्हता, मी भरला नव्हता. उद्या मी हेच सांगणार आहे. तुमचा सगळा खर्च आणि हात बरा होईपर्यंतची मजुरी मी देईन. एकदम नाही जमणार, पण देईन."

बाईंनी दिराकडे पाहिलं. दीर जमिनीकडे बघू लागला.

"बसा हो," बाई म्हणाल्या. "कालपासून हे भाऊजी मला शिकवतायत, उद्या काय सांगायचं ते. गाडी भरधाव आली, चालवणारा प्यायलेला होता, असं सांग म्हणाले. कारण तुम्ही खोटं बोलणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. गाडीवाले बोलतातच. मी रात्रभर घोकत होते, आणि मला ते जमत नव्हतं." त्यांच्या डोळ्यांत आता कुठे पाणी आलं. "बरं झालं तुम्ही आलात. सुटले मी."

दातकरांच्या बायकोने उठून त्यांचा डावा हात हातात घेतला.

बुधवारी तीन माणसांनी एकच गोष्ट सांगितली. लिहून घेणाऱ्या हवालदाराने दोनदा मान वर करून बघितलं, अशी सवय नव्हती बिचाऱ्याला. दंड झाला. गाडी पंधरा दिवसांत विकली गेली. त्यातून सळईचं बिल गेलं, काही महिन्यांची मजुरी गेली, लेकीच्या फीचा एक हप्ता पुढे ढकलावा लागला. गाडी न्यायला लोक आले तेव्हा दातकर दारात उभे राहिले, अगदी ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत. वाईट वाटलं. का नाही वाटणार! अकरा वर्षं होती ती. पण बाबांना त्या दिवशी कसं वाटलं असेल, ते त्यांना त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट गोड झाली. तर पुढचंही ऐका.

चार महिन्यांनी दातकर बेकरीत गेले. बाई कामावर परत आल्या होत्या, पण मळायच्या टेबलावर नव्हे, गल्ल्याशी. सुटे पैसे त्यांनी डाव्या हाताने दिले.

"हात कसा आहे?" दातकरांनी विचारलं.

"दुखत नाही. पण पूर्ण वळत नाही. डॉक्टर म्हणतात, आता एवढाच." त्या थोडं हसल्या. "पगार तोच दिलाय मालकाने. फक्त मळायला मजा यायची हो मला. ते गेलं."

तेव्हा मंडळी, हप्ता महाग आहे म्हणून जरूर ओरडा, पण भरून ओरडा. आणि भरणं झेपत नसेल तर गाडीच झेपत नाही असं समजा आणि दुसऱ्याच्या गाडीत, बसमध्ये, पायी, कसेही जा. त्यात कमीपणा नाही. दातकरांनी खरं सांगितलं, पैसे दिले, माफी मागितली. माणसाला करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. तरी ती बाई आता पीठ मळत नाही.